मातीशिवाय भाजीची रोपं: कोकोपीट धुवायचं की तसंच वापरायचं?

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची. आमच्या सोसायटीने या उन्हाळ्यात गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि पाठोपाठ नोटीस लागली की गच्चीवर मातीच्या कुंड्या बंद. वजन पडतं, पाणी झिरपतं, माती वाहून पाइप तुंबतात वगैरे. बरीच हुज्जत घातल्यावर "हलक्या पिशव्या चालतील, पण माती नको" इथवर तह झाला आहे.

आता पाऊस ओसरलाय, तर टोमॅटो, वांगी, मिरची, पालक, मेथी आणि जमलं तर फ्लॉवर असा बेत आहे. त्यासाठी ऑनलाइन ५ किलोची कोकोपीटची (नारळाच्या सोडणाच्या भुशाची) वीट मागवली. तिचा एक तुकडा टबात भिजवला, तर पाणी कोऱ्या चहासारखं झालं. कितीदा बदललं तरी रंग जात नाही. एका व्हिडिओत म्हणतात धुवाच, दुसऱ्यात म्हणतात काही गरज नाही, सरळ बी टाका. तिसऱ्यात पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेली हलकी खनिजं) अशी यादी येते, आणि ते सगळं आणायचं तर वर्षाची भाजी विकत घेणं स्वस्त पडेल.

सासूबाईंचा वेगळाच प्रश्न: "मातीच नाही, मग उगवलेलं रोप जगणार कशावर?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रो-ट्रे, म्हणजे रोपांसाठीचे छोट्या कप्प्यांचे ट्रे, घ्यावेच लागतात का? घरी दह्याचे डबे ढीगभर आहेत.

---

ट्रेवाली

ताई, आमची नारायणगावच्या बाजूला रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर, झेंडू, सगळं कोकोपीटमध्येच. मातीत रोप करणं आमच्याकडे कधीच मागे पडलं. हा टोमॅटोचा पट्टा आहे, शेतकऱ्याला हजारांनी रोपं लागतात आणि ती सगळी एका उंचीची लागतात. गादीवाफ्यावर ते होत नाही.

तुमच्या सासूबाईंचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे. व्हिडिओवाले तोच सोडून बाकी सगळं सांगतात. बियात जेवढा शिधा असतो, त्यावर रोप पहिल्या दोन पानांपर्यंत येतं. ती जाडसर, गुळगुळीत पानं बियाचीच असतात. पुढे खरी, कातरलेली पानं यायला लागली की बाहेरून खायला लागतं, आणि कोकोपीटमध्ये खायला जवळपास काही नसतं. थोडं पालाश (पोटॅशियम) असतं, बस. म्हणून घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: "उगवलं छान, मग तिथेच थांबलं, पिवळं पडलं." लोक बियाण्याला नावं ठेवतात. बियाणं बिचारं आपलं काम करून मोकळं झालेलं असतं.

आता धुण्याचं. रंगाकडे बघू नका. तो रंग नारळाच्या सोडणातल्या टॅनिनचा. तो किती दिवस येत राहील याचा नेम नाही आणि रोपाचं त्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मिठानं. काथ्या सुटा करायला सोडणं पाण्यात कुजवतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर भुशात मीठ मुरतं, आणि सोडणात मुळातच पोटॅशियम क्लोराइड भरपूर असतं. हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी नितळ आलं तरी ते असू शकतात, आणि पाणी तांबूस असलं तरी नसू शकतात.

त्यावर उपाय एकच, मोजायचं. आम्ही ईसी मीटर वापरतो, तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगतो. तुम्ही पिण्याच्या पाण्याचा साधा टीडीएस मीटर घ्या, काही शे रुपयांत येतो. आधी नळाचं पाणी मोजून आकडा लिहून ठेवा. मग भिजलेलं कोकोपीट मुठीत पिळून ते पाणी वाटीत मोजा. रोपांसाठी ईसी ०.५ च्या खाली हवा, म्हणजे या मीटरवर साधारण २५० च्या आत. जास्त आला तर पुन्हा धुवा. नळाचंच पाणी ५०० दाखवत असेल, तर त्यानं धुवून ते २५० वर कधीच येणार नाही. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर हे आधी बघा. विटेच्या वेष्टनावर "लो ईसी" लिहिलेलं असतं. त्यातलं बरंचसं खरं असतं, सगळं नाही.

धुऊन आकडा उतरला तरी एक काम उरतं. भुशाच्या कणांना सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं, ते साध्या पाण्यानं सुटत नाही. कॅल्शियम आलं की ते त्यांना उठवून स्वतः तिथे बसतं. हे आधीच उरकलं नाही तर तुम्ही रोपाला पाजलेलं कॅल्शियम भुसाच गिळतो, आणि कोवळ्या पानांचे शेंडे वाकडे, करपलेले निघतात. म्हणून आम्ही ५ किलोच्या विटेला शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात ती रात्रभर ठेवतो. सकाळी निथळायची, एकदा साध्या पाण्यातून काढायची, झालं. खताच्या दुकानात एक किलोची पुडी मिळते, ती पुढेही लागेल.

पर्लाइट आणू नका. ट्रेतल्या रोपाला त्याचा उपयोग नाही म्हणण्याइतका कमी. व्हर्मिक्युलाइट मिळालं तर बी झाकायला वरून चिमूट-चिमूट टाका, ओल टिकते. नाही मिळालं तर तेच कोकोपीट टाका.

दह्याचे डबे चालतील, पण बुडाला भोकं पाडा, आणि एक नाही, चार-पाच. रोप उपटून न काढता ढकलून बाहेर यायला हवं, म्हणून वर रुंद, खाली निमुळता डबा बरा. ट्रे घ्यायचाच तर ९८ कप्प्यांचा टोमॅटो, मिरची, फ्लॉवरला पुरतो. त्यात साधारण सव्वा किलो भिजलेलं कोकोपीट बसतं, म्हणजे तुमच्या विटेतून उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं निघेल. ५ किलोची वीट फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. सगळी एकदम भिजवू नका.

---

भातखाचर

ट्रेवालींनी छान लिहिलंय. मी कृषी खात्यातून निवृत्त, आता मुक्काम माणगाव. दोन गोष्टी जोडतो आणि एका ठिकाणी थोडा विरोध नोंदवतो.

मेथी आणि पालक ट्रेत करू नका. मुळा, गाजर तर नाहीच नाही. गाजराचं मूळ एकदा ट्रेच्या बुडाला टेकून वळलं की पुढे फाटे फुटलेली गाजरं निघतात. ही सगळी जिथे वाढायची तिथेच पेरायची. मेथीला तर पसरट, चार बोटं खोल टबही पुरतो.

विरोध असा की मातीविना म्हटलं की सगळे तमिळनाडूतल्या पोलाचीची कोकोपीटची वीट मागवतात. आमच्याकडे भाताच्या गिरणीमागे तुसाचे डोंगर पडलेले असतात, कोणी हात लावत नाही. त्या तुसाचा कोळसा करून कोकोपीटमध्ये तिसरा हिस्सा मिसळला तर माध्यम मोकळं राहतं आणि खर्चही वाचतो. कृती सोपी आहे. पत्र्याच्या डब्याला चहूबाजूंनी भोकं पाडायची, वर धूर जायला नळकांडं लावायचं. आत लाकडं पेटवायची आणि डब्याभोवती तुसाचा ढीग लावायचा. तूस आतून बाहेर काळं होत जातं. बाहेरचा थर काळा पडू लागला की फावड्यानं खालीवर करायचं आणि सगळं काळं झालं की लगेच पाणी मारून विझवायचं. रेंगाळलात तर पांढरी राख होते आणि मग ते फुकट गेलं, कारण राख फार अल्कधर्मी. कच्चं तूस मात्र वापरू नये. त्यात राहिलेले भाताचे दाणे उगवतात आणि त्या वासानं उंदीर येतात.

अर्थात डोंबिवलीच्या गच्चीवर ढीग पेटवायला कमिटी परवानगी देईल असं वाटत नाही. गावाकडे कोणी असेल तर करून घ्या.

---

कुळागर

मी गोव्याची, सासष्टीतली. आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, नारळाची सोडणं इतकी पडतात की न्हाणीच्या चुलीला घालूनही उरतात. वीट विकत घ्यायची लाज वाटते. घरच्या सोडणांचा भुसा करून त्यात मिरचीचं बी घालता येईल का?

---

ट्रेवाली

@भातखाचर काका, तुसाचा कोळसा उत्तमच. आम्ही वापरत नाही त्याचं कारण एवढंच की प्रत्येक खेपेला तो वेगळा निघतो आणि आम्हाला हजारो ट्रे एकसारखे हवे असतात. घरी चार ट्रे करणाऱ्याला तो प्रश्न नाही. फक्त तोही वापरण्याआधी धुवा, राखेचा अंश असतोच. गाजराचं बोललात ते बरं झालं. आमच्याकडेही दरवर्षी कोणीतरी गाजराच्या रोपांची ऑर्डर द्यायला येतं आणि नाही म्हटलं की रुसतं.

@कुळागर ताई, येईल, पण ताज्या सोडणाचा नाही. ताज्यात टॅनिन आणि क्षार दोन्ही जास्त, शिवाय तो कुजायला लागला की नत्र स्वतःकडे ओढतो आणि रोप पिवळं पडतं. तुमच्याकडे पावसाळा तगडा आहे, त्याचा फायदा घ्या. सोडणं उघड्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी पावसाळाभर पडू द्या. तो पाऊस फुकटात धुऊन काढतो. मग वाळवा, बडवा, धागे ओढून काढा आणि उरलेला भुसा बारीक चाळणीनं चाळा. धागा राहिला तर छोट्या कप्प्यात भुसा नीट बसत नाही, आणि रोप काढताना मुळं त्यात गुंतून तुटतात. समुद्रापासून लांबची, खाडीत न भिजवलेली सोडणं असली तर सोडियम कमी निघेल, पण पोटॅश असणारच. मोजा.

---

भातखाचर

@कुळागर, जास्त भुसा असेल तर काथ्या बोर्डाच्या कलवूरच्या संशोधन संस्थेनं "पिथप्लस" नावाचं अळंबीचं विरजण काढलंय. एक टन भुशाला दोन किलो पिथप्लस आणि पाच किलो युरिया असे थर द्यायचे आणि ओल टिकवायची. महिन्याभरात भुसा काळा पडतो, खत तयार. ते नुसतं बी पेरायला नाही, पुढे पिशवीत मिसळायला.

---

गच्चीवरची

सगळ्यांचे आभार! मीटर मागवला. नळाचं पाणी ७० दाखवतंय आणि पिळलेलं पाणी ६१०. म्हणजे "लो ईसी" छापलेलं असूनही बरंच खारं. आता धुऊन, निथळून कॅल्शियम नायट्रेटमध्ये घातलंय. सासूबाई म्हणाल्या, एवढं तर आम्ही साबुदाणाही धूत नाही.

आता पेरण्याचं आणि पुढचं सांगाल का? पाणी किती आणि कधी हे मला कधीच कळत नाही. आणि रोपं नेहमी उंच वाढून आडवी का पडतात?

---

ट्रेवाली

६१० म्हणजे मोजलंत ते बरं केलंत.

भरण्याआधी कोकोपीट मुठीत दाबून बघा. दोन-चार थेंब पडले तर ठीक, धार लागली तर थोडं सुकू द्या. कप्पे भरताना वरून दाबू नका, ट्रे एकदा हलकेच आपटा म्हणजे आपोआप बसतं. लोक अंगठ्यानं दाबून दाबून भरतात. मग हवा राहत नाही, आणि मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. बोटानं अर्धा सेंटिमीटर खळगा, त्यात एक बी, वरून झाकण. एका कप्प्यात दोन बिया टाकायची सवय सोडा. पुढे एक उपटायला जीव होत नाही आणि दोन्ही किरटी राहतात.

आम्ही पेरलेले ट्रे एकावर एक रचून वरून प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळतो. उगवायला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. तुम्ही डबे एखाद्या खोक्यात ठेवून झाकण लावा. आता तुमच्याकडे उकाडा असणार, पंचवीस ते तीस अंशात टोमॅटो चार-सहा दिवसांत वर येतो, फ्लॉवर त्याच्याही आधी, मिरची आणि वांगी मात्र आठ-दहा दिवस घेतात. म्हणून टोमॅटो आणि मिरची एका खोक्यात घालू नका.

आता रोप उंच का पळतं ते. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी झाकण उघडून बघायचं. एखाद-दुसऱ्या कप्प्यात वाकलेला पांढरट कोंब वर आलेला दिसला की सगळा ट्रे त्याच दिवशी उजेडात. "बाकीचे उगवू देत, मग काढू" म्हणालात तर पहिले उगवलेले अंधारात उजेड शोधत लांबतात, आणि लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. आमच्याकडे रचलेल्या ट्रेंवर यासाठी खास माणूस नेमलेला असतो आणि त्याला सणासुदीलाही सुट्टी नसते. त्यानंतरही खिडकीतला उजेड पुरत नाही. गच्ची आहे, तर सकाळचं थेट ऊन द्या. दुपारी पहिले काही दिवस ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट धरा.

पाणी. कोकोपीट फसवतं. वरचा थर वाळून फिका दिसतो आणि खाली चिंब असतं. म्हणून बघून ठरवू नका, उचलून ठरवा. पाणी घातल्यावर ट्रे एकदा हातात घ्या, वजन लक्षात ठेवा. तो हलका लागला की पाणी. झारीनं सकाळी द्यायचं. संध्याकाळी पानं ओली राहिली की मर लागते: दांडा भुशाला टेकतो तिथे तपकिरी होऊन बारीक पडतो आणि रोप कोलमडतं. मातीविना म्हणजे रोगाविना असं कोणी सांगितलं तर हसा. मरीची बुरशी पाण्यातून येते, जुन्या ट्रेतून येते. ट्रे वापरलेले असतील तर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा. पेरण्याआधी कोकोपीटमध्ये किलोला पाच-दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. एखादं रोप पडलंच तर भुशासकट तो कप्पा रिकामा करा, शेजारी पसरायच्या आत.

खाऊ घालणं. पहिलं खरं पान दिसलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. मध्ये एकदा कॅल्शियम नायट्रेट, तेवढंच, कारण १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम नसतं. दोन्ही एकाच बादलीत घट्ट कालवू नका. पाणी दुधाळ होऊन तळाला गाळ बसतो, तो स्फुरद आणि कॅल्शियम एकमेकांना धरून बसल्याचा. मग ना हे मिळत, ना ते. रासायनिक नको असेल तर गांडूळखताचं पातळ, गाळलेलं पाणी द्या. त्यानं रोप जरा सावकाश येतं, पण येतं.

आणि पांढरी माशी. वरून ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) बारीक जाळी टाका, विशेषतः टोमॅटो आणि मिरचीवर. पानं आकसवणारे विषाणू ही माशीच आणते आणि एकदा घुसले की औषध नाही. २०२० साली आमच्या भागात टोमॅटोवर विषाणूंचा कहर झाला, तेव्हा लोकांचं पहिलं बोट रोपवाटिकांकडे गेलं. कोणाचं चुकलं, कोणाचं नाही, तो वाद इथे नको. पण तेव्हापासून आमच्याकडे जाळीचं दार उघडं टाकणाऱ्याची खैर नसते.

---

बर्फाळ

टोरांटोहून. तुमचं कोकोपीट इथे मिळतं, पण स्वस्त पडतं ते पीट मॉस, कारण ते इथल्याच दलदलीतून निघतं. ते कोरडं झालं की पाण्याला अंगाशी येऊ देत नाही, वर थेंब तरंगत राहतात. कोमट पाण्यात कालवलं तर भिजतं. कोकोपीट त्या मानानं गुणी, वाळलं तरी पुन्हा पाणी पितं.

आमचं उलटं गणित. मे महिना सरत येईपर्यंत दंव गोठण्याची भीती, म्हणून मार्चअखेर तळघरात एलईडीखाली टोमॅटो पेरायचे. ट्रेवालींचं "उचलून ठरवा" इथल्या तळघरातही तंतोतंत लागू. उजेड मात्र रोपापासून वीतभरच वर ठेवावा लागतो, नाहीतर भाजीऐवजी वेल मिळतो.

---

गच्चीवरची

शेवटचं विचारते. रोप लावायला तयार झालं हे कसं ओळखायचं? आणि पिशवीत काय भरू? नुसतं कोकोपीट भरून भागेल का?

---

ट्रेवाली

दिवस मोजायचे तर टोमॅटो, फ्लॉवर २१ ते २५, वांगी महिनाभर, मिरची ३५-४०. पण दिवसांपेक्षा मुळं बघा. कप्प्याच्या बुडाला बोट लावून रोप ढकला. भुसा अख्खा, न सांडता बाहेर आला आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या मुळांचं जाळं दिसलं तर तयार. भुसा गळून पडला तर अजून आठवडा. मुळं तपकिरी होऊन गोल गोल फिरली असतील तर उशीर झालाय, आजच लावा. वरचा शेंडा देखणा आहे म्हणून लावायची घाई करू नका. विकत घ्यायला येणारे सगळे पानंच बघतात. जुना शेतकरी तेवढा न विचारता एक रोप उपटून खालून बघतो.

लावायच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि शेडनेट काढा. रोप जरा दबेल, पानं गडद होतील, दांडा कडक होईल. लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोचा दांडा थोडा खोल गाडला तरी चालतो, त्याला तिथे मुळं फुटतात. मिरची आणि फ्लॉवर मात्र ट्रेत होते तेवढ्याच खोलीवर.

पिशवीत नुसतं कोकोपीट नको. आमच्यासारखं रोज खताचं पाणी देणार असाल तरच ते चालतं. घरी निम्मं कोकोपीट, निम्म्याला थोडं कमी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. काकांनी सांगितलेला तुसाचा कोळसा मिळाला तर तोही. मातीनं भरलेली वीस लिटरची पिशवी पाणी प्यायल्यावर तीस किलोच्या पुढे जाते, ही त्याच्या निम्म्याच्या आसपास राहील. पण हलकी पिशवी वाऱ्यानं कलंडते, तेव्हा टोमॅटोची काठी पिशवीत न खोचता कठड्याला बांधा. आणि पिशवीखाली ताटली ठेवा, खताचं तांबूस पाणी नव्या वॉटरप्रूफिंगवर गेलं तर तह मोडेल.

उरलेली वीट भिजवू नका, कोरडी ठेवली तर पुढल्या वर्षीही तशीच राहते. ट्रेतून सुटलेला वापरलेला भुसा टाकू नका, पण त्यात पुन्हा बी पेरू नका. तो मेथीच्या टबात घाला.